माणसे तीच, कारखाना तोच

एखादी संस्था ढासळू लागली की तिच्या चालकांच्या तोंडी प्रथम येते ती माणसांची तक्रार. कामगार कामचुकार आहेत, युनियन डोक्यावर बसली आहे, कारकून वर्षानुवर्षांच्या सवयी सोडत नाहीत, जुन्या खोडांना नवे वळण लागत नाही. निदान असे एकदा ठरले की उपचारही ठरलेलेच असतात. भिंतीवर ध्येयवाक्ये झळकतात, सल्लागार येतात, एखाद्या थंड हवेच्या ठिकाणी दोन दिवसांचे शिबिर होते आणि तिसऱ्या दिवशी सारे जण आपापल्या टेबलाशी पूर्वीच्याच रीतीने कामाला लागलेले दिसतात. बदलाचे व्यवस्थापन या विषयावर आजवर पुस्तकांची रास पडली आहे. परंतु दोष माणसांचा की त्यांना राबवणाऱ्या व्यवस्थेचा, या मूळ प्रश्नाची तड लावणारी उदाहरणे मोजकीच आहेत. प्रत्यक्षात माणसे, यंत्रे, बाजारपेठ असे सारेच एकदम बदलत असते आणि नेमके कशामुळे काय घडले हे निश्चितपणे सांगता येत नाही. या दृष्टीने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९८४ साली सुरू झालेला एक प्रयोग विलक्षण मोलाचा ठरतो. तेथे कारखाना तोच राहिला, बहुतेक कामगार तेच राहिले, त्यांची युनियनही तीच राहिली. बदलली ती कारखाना चालवण्याची रीत.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील फ्रीमाँट या गावी जनरल मोटर्सचा मोटारी जोडण्याचा मोठा कारखाना होता. १९७८ च्या सुमारास, भरभराटीच्या काळात, तेथे सात हजारांवर कामगार होते. मात्र कंपनीच्या कारखान्यांत तो अत्यंत नाठाळ म्हणून ओळखला जाई. रोजची गैरहजेरी वीस टक्क्यांच्या वर असे; म्हणजे पाचांतला एक माणूस कामावर नाही. सोमवारी सकाळी तर लाइन सुरू करण्यापुरती माणसे जमवताना मुकादमांची तारांबळ उडे. कामाच्या वेळात मद्यपान चाले, अमली पदार्थही चालत. युनियनच्या नेत्यांना न जुमानता अचानक पुकारलेले चार संप या कारखान्याने वीस वर्षांत पाहिले. कामगारांच्या लेखी तक्रारींचा ढीग हजारोंच्या घरात गेला होता. चिडलेले कामगार मोटारीच्या दाराच्या पोकळीत रिकाम्या बाटल्या सोडून देत, असेही सांगितले जाते. गिऱ्हाईक गाडी चालवू लागले की बाटली खडखडे आणि आवाज कुठून येतो ते कोणालाच सापडत नसे. उत्पादकता आणि दर्जा या दोन्ही बाबतींत फ्रीमाँट कंपनीच्या यादीत तळाशी होते. मार्च १९८२ मध्ये जनरल मोटर्सने कारखाना बंद केला आणि हजारो कुटुंबांचा रोजगार गेला.

एवढी हकिगत ऐकून कोणीही कामगारांनाच दोष देईल. परंतु त्या कारखान्यात काम कसे चाले हेही पाहिले पाहिजे. प्रत्येक काम किती सेकंदांत, कोणत्या हालचालींनी करायचे हे ठरवण्यासाठी सुमारे ऐंशी औद्योगिक अभियंते नेमलेले होते. हे अभियंते स्टॉपवॉच घेऊन येत, मोजमाप करत आणि निघून जात. ज्याने ते काम आठ तास करायचे त्याला कोणी काही विचारत नसे. अभियंता समोर उभा असताना काम संथ करायचे आणि त्याची पाठ वळली की आपल्या सोयीच्या रीतीने उरकायचे, हा मग सर्वमान्य शिरस्ता झाला. कामांच्या वर्गवाऱ्या शंभराच्या आसपास होत्या आणि करारातील प्रत्येक कलम दोन्ही बाजू ढालीसारखे वापरत. या सर्वांवर एक अलिखित कायदा होता : लाइन थांबता कामा नये. नट बसला नाही, रंग उडाला, भलताच भाग जोडला गेला, तरी गाडी पुढे सरकलीच पाहिजे. अशा गाड्या अखेरीस दुरुस्तीच्या आवारात जात आणि तेथे दुसरी माणसे त्या उसवून पुन्हा शिवत. आपल्या हातून सदोष माल पुढे जातो आहे हे कामगाराला दिसत असे. परंतु ते सांगून उपयोग नाही, हेही त्याला अनुभवाने ठाऊक झालेले असे.

कारखाना बंद पडल्यानंतर वर्षभरातच, फेब्रुवारी १९८३ मध्ये, जनरल मोटर्स आणि जपानची टोयोटा या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी तो संयुक्तपणे चालवण्याचा करार जाहीर केला. दोघांचीही गरज होती. लहान मोटारी फायद्यात कशा बनवाव्यात हे जनरल मोटर्सला उमगत नव्हते आणि एक रिकामी वास्तू तिच्या गळ्यात पडली होती. टोयोटासमोर वेगळा पेच होता. जपानी मोटारींच्या आयातीवर १९८१ पासून मर्यादा आली होती. अमेरिकेत उत्पादन केल्याशिवाय गत्यंतर नव्हते. पण आपली पद्धत अमेरिकी कामगारांच्या हातून, अमेरिकी युनियनच्या देखत चालेल काय, याची तिला खात्री नव्हती. ही परीक्षा दुसऱ्याच्या जागेत आणि भागीदारीत झालेली बरी, असा व्यवहारी विचार त्यामागे होता. नव्या कंपनीचे नाव न्यू युनायटेड मोटर मॅन्युफॅक्चरिंग. आद्याक्षरांवरून ती 'नूमी' या नावाने ओळखली जाऊ लागली. कारखाना चालवण्याची सूत्रे टोयोटाकडे आली आणि टोयोटाच्या मोटार उद्योगाचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांचे पुत्र टाट्सुरो टोयोडा पहिले अध्यक्ष झाले.

खरा पेच होता तो भरतीचा. जुन्या कामगारांची ख्याती दोन्ही कंपन्यांना ठाऊक होती. तरीही युनायटेड ऑटो वर्कर्स या युनियनशी १९८३ च्या सप्टेंबरात समझोता झाला आणि नव्या कंपनीने जुन्यांनाच प्राधान्य देण्याचे मान्य केले. त्या बदल्यात युनियनने कामांच्या वर्गवाऱ्या कमी करण्यास संमती दिली. आरंभीच्या मनुष्यबळापैकी सुमारे ८५ टक्के माणसे जुन्या फ्रीमाँटची होती. ज्यांनी व्यवस्थापनाला सळो की पळो करून सोडले होते ते युनियनचे पुढारीही त्यांत होते. वर्गवाऱ्यांचे जंगल तोडून साध्या कामगारांसाठी एक आणि कुशल कारागिरांसाठी दोन एवढ्याच वर्गवाऱ्या ठेवण्यात आल्या. पाच ते सात जणांचा एक गट, त्याला एक गटनायक, आणि तोही त्यांच्यातलाच, युनियनचा सभासद, अशी बांधणी झाली. साहेबांचे वेगळे उपाहारगृह नाही, गाड्या लावायला राखीव जागा नाही. या गोष्टी दिसायला किरकोळ. पण ज्याने वर्षानुवर्षे दूरच्या कोपऱ्यात गाडी लावून पावसात चालत यावे, त्याला त्या किरकोळ वाटत नाहीत.

गटनायक आणि त्यांच्या वरचे मिळून सुमारे ४५० जणांना टोयोटाच्या जपानमधील ताकाओका कारखान्यात तीन आठवड्यांसाठी धाडण्यात आले. व्याख्याने कमी आणि लाइनवर जपानी कामगाराच्या खांद्याला खांदा लावून काम अधिक, असे त्या प्रशिक्षणाचे स्वरूप होते. या कामगारांनी तेथे जे पाहिले त्यातील सर्वाधिक चकित करणारी वस्तू अगदी साधी होती. ती म्हणजे लाइनच्या वर, हाताच्या अंतरावर टांगलेली एक दोरी.

दोरी कोणी ओढायची?

या दोरीचा उगम मोटारीत नाही, मागात आहे. टोयोडा घराण्याचे मूळ पुरुष साकिची टोयोडा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग सिद्ध केला, तो धागा तुटताच आपोआप थांबत असे. इचलकरंजी किंवा मालेगावच्या वाचकाला याचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. धागा तुटूनही माग चालत राहिला तर वारभर कापड वाया जाते आणि ते जाऊ नये म्हणून प्रत्येक मागाजवळ डोळ्यांत तेल घालून माणूस उभा करावा लागतो. माग स्वतःच थांबू लागला तर एक माणूस कित्येक माग सांभाळू शकतो. दोष उत्पन्न झाला की तेथेच थांबा, पुढे जाऊ देऊ नका, हे तत्त्व टोयोटाने पुढे मोटारीच्या लाइनवर आणले आणि थांबवण्याचा अधिकार कामगाराच्या हाती दिला.

रीत अशी. कामगाराला काही चुकल्यासारखे वाटले, भाग नीट बसेना, वेळेत काम पुरे होईना, तर त्याने दोरी ओढायची. फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो, ठरावीक धून वाजू लागते आणि गटनायक धावत येतो. लाइन त्या क्षणी थांबत नाही. गाडी त्या टप्प्याच्या ठरावीक रेषेपर्यंत पोहोचण्याच्या आत अडचण सुटली तर दोरी पुन्हा ओढून दिवा मालवायचा. न सुटली तर मात्र लाइन थांबते. म्हणजे ही दोरी प्रामुख्याने मदत मागण्याची खूण आहे आणि येणाऱ्याने काय म्हणायचे यावर तिचे सारे यश अवलंबून आहे. 'कोणी केले हे?' असा प्रश्न आला की ती दोरी पुन्हा कधी ओढली जाणार नाही. 'काय झाले?' असा आला तर ओढली जाईल. जुन्या फ्रीमाँटमध्ये लाइन थांबवणे म्हणजे नोकरीवर गदा. त्याच छपराखाली आता लाइन थांबवणाऱ्याच्या मदतीला वरिष्ठ धावू लागला आणि त्याच्याशी सौजन्याने बोलू लागला. पहिल्यांदा दोरी ओढताना या माणसांचे हात थरथरले असतील, तर त्यात नवल नाही.

येथे थोडे थांबून आपल्याकडील कचेऱ्यांचे स्मरण करणे अप्रस्तुत होणार नाही. साहेबांनी फेरी मारताना 'सगळे ठीक ना?' असे विचारावे आणि 'हो, सगळे ठीक' असे उत्तर मिळावे, हा शिष्टाचार सर्वत्र पाळला जातो. टोयोटाच्या रीतीत असे उत्तर संशयास्पद ठरते. दिवसभरात एकही दोरी ओढली गेली नाही, तर काम उत्तम चालले आहे असे तेथे मानत नाहीत. कुठेतरी अडचणी झाकल्या जात आहेत किंवा लाइनवर गरजेपेक्षा अधिक माणसे आहेत, असा अर्थ काढला जातो.

दुसरा बदल दोरीइतका दर्शनी नाही, पण कदाचित अधिक खोल आहे. टोयोटाची पद्धत म्हणजे मोकळीक, असा अनेकांचा समज आहे, तो साफ चुकीचा आहे. नूमीमध्ये प्रत्येक हालचाल जुन्या कारखान्यापेक्षाही काटेकोरपणे ठरलेली होती. डावा हात कुठे, उजवा कुठे, पाना कितव्या सेकंदाला उचलायचा, सारे कागदावर. फरक एवढाच की ते ठरवणारे ऐंशी अभियंते गेले होते आणि स्टॉपवॉच गटातील कामगारांच्याच हाती आले होते. ते एकमेकांचे काम मोजत, कोणाची हातोटी सर्वांत सोपी आणि सुरक्षित ते पाहत, दुसऱ्या पाळीच्या गटाशी ताडून पाहत आणि मग एक रीत लिहून काढत. कोणाला त्याहून चांगली रीत सुचली की कागद बदलत असे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक पॉल अॅडलर यांनी नूमीचा बारकाईने अभ्यास केला आणि १९९३ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये त्याविषयी लिहिले. नियमबद्ध कामाने माणसाचे यंत्र होते, हा सिद्धान्त समाजशास्त्रात जवळपास गृहीत धरला जातो. नियम कोण करतो आणि कोण बदलू शकतो यावर ते अवलंबून आहे, असे त्यांना तेथे आढळले. १९९१ साली नूमीच्या कामगारांनी दहा हजारांहून अधिक सूचना केल्या आणि त्यांतील ऐंशी टक्क्यांहून अधिक अमलात आल्या. सूचनापेटीला कुलूप लावून किल्ली हरवणाऱ्या संस्थांनी या दुसऱ्या आकड्याकडे विशेष लक्ष द्यावे.

पण कामगाराने काम सोपे करण्याची युक्ती का सांगावी? दहा माणसांचे काम आठांत होऊ लागले तर उरलेल्या दोघांना घरी बसवले जाईल, हे त्याला कळते. येथे कामगार निर्बुद्ध नसतो, उलट तो फार व्यवहारी असतो. या प्रश्नाचे उत्तर १९८५ च्या करारात दिले गेले. कंपनीचे अस्तित्वच धोक्यात आणणारे संकट आल्याशिवाय कोणालाही कामावरून कमी केले जाणार नाही. त्याआधी बाहेर दिलेली कामे परत आत आणली जातील आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पगार कापले जातील, असे कलम त्यात होते. अशी कलमे कागदावर शोभतात. ती कसोटीस उतरतात तेव्हा खरी. १९८८ च्या सुमारास ती वेळ आली. नूमीत बनणाऱ्या शेव्हरोले नोव्हा या मोटारीचा खप घसरला आणि कारखाना क्षमतेच्या साठ टक्क्यांहूनही कमी चालू लागला. जुन्या दिवसांत हजार-दीड हजार माणसे सहज घरी गेली असती. येथे एकालाही काढले नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षण दिले गेले, डागडुजीची कामे दिली गेली, नव्या मॉडेलच्या तयारीला लावले गेले. दोरीविषयी ज्यांच्या मनात तोवर शंका होती, त्यांची शंका बहुधा त्या वर्षी फिटली.

आकडे काय सांगतात?

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने जगभरच्या मोटार कारखान्यांचा मोठा अभ्यास केला. तो १९९० साली 'द मशीन दॅट चेंज्ड द वर्ल्ड' या ग्रंथात प्रसिद्ध झाला. त्यात १९८६-८७ मधील तीन कारखान्यांची तुलना आहे. जनरल मोटर्सच्या जुन्या धर्तीच्या फ्रॅमिंगहॅम येथील कारखान्यात एक गाडी जोडायला ३१ तास लागत, ताकाओकाला १६ तास आणि नूमीला १९ तास. शंभर गाड्यांमागे दोष फ्रॅमिंगहॅममध्ये सुमारे १३०, तर ताकाओका आणि नूमी दोन्हीकडे ४५. सुट्या भागांचा साठा पहिल्या ठिकाणी दोन आठवड्यांचा, दुसऱ्या ठिकाणी दोन तासांचा आणि नूमीत दोन दिवसांचा. पहिली गाडी डिसेंबर १९८४ मध्ये बाहेर पडली होती. म्हणजे हे सारे दोन वर्षांत घडले. गैरहजेरी वीस टक्क्यांवरून तीन-चार टक्क्यांवर आली. यंत्रसामग्री काही बाबतींत नवी होती हे खरे, परंतु ती त्या काळच्या मानाने अत्याधुनिक मुळीच नव्हती.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुन्या कारखान्यात कामगार मिनिटातील सुमारे ४५ सेकंद काम करीत असे. नूमीत हा आकडा ५७ सेकंदांच्या आसपास गेला. श्वास घ्यायला मिळणारी उसंत नाहीशी झाली. कामगार चळवळीतील काही अभ्यासकांनी ही पद्धत म्हणजे ताण वाढवून केलेले व्यवस्थापन आहे, अशी टीका १९८८ मध्येच केली होती आणि नूमीच्या युनियनमध्येही व्यवस्थापनाशी अति सहकार्य नको म्हणणारा विरोधी गट होता. १९९३ च्या मॉडेलचे उत्पादन सुरू होताना मनगट, खांदे आणि पाठीच्या दुखापती वाढल्या. युनियनने राज्याच्या सुरक्षा यंत्रणेकडे दाद मागितली आणि कंपनीवर ठपका आला. त्यानंतरच्या मॉडेलच्या वेळी कामगारांना आराखड्याच्या अवस्थेपासून सामील करून घेण्यात आले, तेव्हा स्थिती सुधारली. जागरूक युनियन नसती तर हे वेळीच घडले असते काय, हा प्रश्न टोयोटाच्या भाटांनी स्वतःला विचारण्यासारखा आहे.

आता या कथेतील सर्वांत विचित्र भाग. नूमीचे निम्मे मालक असलेल्या जनरल मोटर्सला या कारखान्यात काहीही लपवलेले नव्हते. तिचे अधिकारी तेथे काम करीत होते, टोयोटा सारे दाखवीत होती. तरीही त्या काळात कंपनीचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी कंपनीचा पैसा ओतला तो यंत्रमानवांत. १९८५ मध्ये सुरू झालेल्या डेट्रॉइट-हॅमट्रॅमक कारखान्यात यंत्रमानव गाड्या सोडून एकमेकांनाच रंग देत असल्याच्या हकिगती वृत्तपत्रांत गाजल्या. माणसे बदलणे कठीण म्हणून माणसेच वगळण्याचा हा मार्ग महागडा तर होताच, शिवाय फसवाही होता.

नूमीची नक्कल करण्याचा प्रयत्न झाला तो लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्यात. तेथेही गट केले, दोऱ्या टांगल्या, घोषणा दिल्या. परंतु कामगारांच्या दृष्टीने चित्र वेगळे होते. फ्रीमाँटचे कामगार बेकारीच्या खाईत दोन वर्षे काढून आले होते. व्हॅन नाइसचे कामगार अजून नोकरीत होते आणि नव्या रीतीत आपली ज्येष्ठता, म्हणजे आयुष्यभर कमावलेले एकमेव भांडवल, बुडेल अशी त्यांना भीती होती. कंपनी एका कारखान्याला दुसऱ्याशी झुंजवून सवलती उकळते आहे, असा संशय होता आणि तो निराधार नव्हता. युनियनमध्ये उभी फूट पडली. व्यवस्थापकांची बढती आणि बक्षिसे मात्र पूर्वीप्रमाणेच दिवसाकाठी किती गाड्या बाहेर पडल्या यावर ठरत राहिली. ज्याचे बक्षीस संख्येवर आहे तो लाइन का थांबू देईल? सुटे भाग पुरवणारे, आराखडे करणारे, हिशेब ठेवणारे विभाग दूर डेट्रॉइटला आणि जुन्याच चालीचे. सदोष भाग आला म्हणून दोरी ओढली, तरी तो भाग बदलण्यासाठी फोन कोणाला करायचा हेच ठाऊक नव्हते. १९९२ मध्ये तो कारखाना बंद पडला. त्याच वर्षी जर्मनीतील आयझेनाख येथे कंपनीने नूमीचे धडे घेऊन नवा कारखाना उभारला आणि तो चांगला चाललाही. पण कोऱ्या पाटीवर लिहिणे आणि लिहिलेली पाटी पुसून लिहिणे यांत अंतर आहे. कंपनीच्या सर्व कारखान्यांत नवी रीत रुजेपर्यंत दीड-दोन दशके गेली आणि १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. निवृत्तिवेतनाचा बोजा, मंदी, चुकलेली मॉडेले अशी त्याची कारणे अनेक आहेत. एकट्या दोरीवर खापर फोडता येणार नाही.

टोयोटातर्फे नूमीच्या प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यांत जॉन शुक हे एक अमेरिकी अधिकारी होते. २०१० साली लिहिलेल्या लेखात त्यांनी या अनुभवाची मांडणी केली आहे. पाश्चात्त्य व्यवस्थापनशास्त्र असे धरून चालते, की आधी माणसांचे विचार बदलावेत, मग मूल्ये बदलतील आणि शेवटी वागणूक. म्हणून भाषणे, म्हणून ध्येयवाक्ये. नूमीत क्रम उलटा होता. आधी वागण्याची रीत बदलली, ती पाळणे शक्य व्हावे अशी साधने आणि मदत दिली आणि तसे वागता वागता माणसांची दृष्टी बदलत गेली. दर्जाला महत्त्व द्या, असे फ्रीमाँटच्या कामगाराला शंभरदा सांगून काही झाले नसते; दोष दिसताच काय करायचे आणि केल्यावर कोण येईल, हे त्याला ठरवून दिले गेले. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९५० साली जपानमध्ये जाऊन जे शिकवले, त्याच्याशी हे जुळते. व्यवस्थापकांसाठी त्यांनी सांगितलेल्या चौदा सूत्रांत भीती घालवा आणि भिंतीवरची घोषवाक्ये काढून टाका, अशी दोन सूत्रे आहेतच. डेमिंग यांचे नाव घेणाऱ्या संस्थांच्या भिंतींवर आज त्यांचीच वचने चौकटीत लावलेली आढळतात, ही गंमत निराळी.

नुसत्या नावाने मात्र काहीच साधत नाही, अगदी टोयोटाच्या नावानेही. किर्लोस्करवाडीत मुळे असलेल्या किर्लोस्कर समूहाशी भागीदारी करून टोयोटाने १९९७ साली बंगळूरजवळ बिडदी येथे कंपनी स्थापन केली. रीत तीच, दोऱ्या त्याच. तरीही २००६ च्या जानेवारीत तेथे संप आणि टाळेबंदी झाली आणि २०२० च्या नोव्हेंबरात कामाच्या बोज्यावरून सुरू झालेला वाद पुढच्या वर्षापर्यंत चिघळला. तेथील कामगारांच्या तक्रारीत आणि फ्रीमाँटच्या ५७ सेकंदांत आतले नाते आहे. दोरी ओढल्यावर कोण येते आणि कसे बोलते, हा प्रश्न प्रत्येक कारखान्यात, प्रत्येक पाळीत नव्याने सोडवावा लागतो.

नूमीचा शेवट मात्र लाइनवरच्या चुकांमुळे झाला नाही. दिवाळखोरीनंतर जनरल मोटर्स भागीदारीतून बाहेर पडली आणि एकटीने हा कारखाना चालवण्यास टोयोटाने नकार दिला. १ एप्रिल २०१० रोजी शेवटची कोरोला लाइनवरून उतरली. पंचवीस वर्षांत सुमारे ऐंशी लाख वाहने बनवणाऱ्या ४,७०० कामगारांना, कामात कसर न ठेवताही, घरी जावे लागले. त्याच वर्षी ती वास्तू विजेच्या मोटारी बनवणाऱ्या टेस्ला कंपनीने विकत घेतली. तिने तेथे यंत्रमानवांची दाट रांग उभारली आणि २०१७-१८ मध्ये 'मॉडेल ३' या मोटारीचे उत्पादन वेळेत होईना म्हणून ती हैराण झाली. अतिरेकी यांत्रिकीकरण ही आपलीच चूक होती, माणसाचे मोल आपण कमी लेखले, अशी कबुली कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी एप्रिल २०१८ मध्ये जाहीरपणे दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी फ्रीमाँटच्या आवारात एक भला मोठा तंबू उभारण्यात आला आणि जोडणीची आणखी एक लाइन त्यात सुरू झाली. तीत यंत्रमानव कमी होते आणि माणसे अधिक.